हरीकाकांचं घड्याळ

आईबापांनी नाव ठेवलं हरिश्चंद्र, आणि हा माणूस सकाळी दहापासून दुपारी एकपर्यंत धडधडीत खोटं बोलायचा. तेही डॉक्टरांशी. छातीत काही नसताना कळ आलीय म्हणायचा, मुतखडा नसताना गडाबडा लोळायचा. एकदा तर विंचू चावल्याचं सोंग आणून, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी असा काही नाचला की आमचा वॉचमन काठी घेऊन विंचू शोधायला आत आला. एकच्या ठोक्याला मात्र काका खाटेवरून उतरायचे, शर्टाची बटणं लावायचे आणि आगाशीच्या बसला अजून किती वेळ आहे ते बघायचे.

आमचं हॉस्पिटल विरारला, पश्चिमेला. कॅज्युअल्टीच्या शेजारी पूर्वी मोडक्या खाटा टाकायची एक खोली होती. ती मॅडमनी रिकामी करून घेतली. मॅडम म्हणजे आमच्या कॅज्युअल्टीच्या प्रमुख. त्यांचं म्हणणं असं, की विमान चालवणारा आधी खोट्या विमानात बसून शिकतो, चुकला तर तिथे चुकतो. मग डॉक्टरांनीच काय पाप केलंय? म्हणून ही सिम्युलेशनची खोली. खोटी कॅज्युअल्टी. खाट, मॉनिटर, औषधांची कपाटं, सगळं हुबेहूब. छातीवर दाब द्यायला, घशात नळी घालायला रबरी कातडीचा एक पुतळा होता. तो परदेशातून आला आणि खाटेवर पसरला तो पसरलाच, म्हणून काकांनी त्याचं नाव ठेवलं पाहुणा. रोज आल्यावर ते त्याची विचारपूस करायचे.

पण पाहुणा घाबरत नाही, लपवत नाही, डॉक्टरच्या अंगावर ओकत नाही. त्यासाठी जिवंत माणूस हवा होता. मॅडमनी कुठून शोधून काढले देव जाणे, पण हरीकाका मिळाले. एसटीत तीस वर्षं कंडक्टर. आगाशीत केळीची वाडी, विहीर, थोडी पानवेल, आणि गावच्या उत्सवातल्या नाटकात दर वर्षी एक मरायची भूमिका. काका सांगायचे, की आपल्याला पाठांतर जमायचं नाही, म्हणून दिग्दर्शक दुसऱ्या अंकातच मारून टाकायचा. पण मरायचो असा की बायका डोळ्यांना पदर लावायच्या.

तीस वर्षं गाडीत उभं राहून त्यांनी माणसं टिपली होती. उलटी होणारा माणूस आधी गप्प कसा होतो, पाकीट मारलेल्याचा हात कुठे जातो, पोटुशी बाई दांडा कसा धरते, सगळं त्यांच्याजवळ जमा होतं. आमच्यासमोर ते रोज त्यातला एक माणूस काढून ठेवायचे. आज गास गावचा शेतकरी, उद्या ठाण्याहून बदली होऊन आलेला बँकेतला साहेब. साहेब असले की इंग्रजी फाडायचे आणि दुखतंय कुठे ते शेवटपर्यंत सांगायचे नाहीत.

आता माझं सांगते, म्हणजे मी त्या खोलीत का होते ते कळेल. मी कॅज्युअल्टीत नवीन होते. तिसऱ्याच आठवड्यात बाजारातून एका आजोबांना उचलून आणलं आणि माझ्यासमोर त्यांचं हृदय थांबलं. मला सगळं येत होतं. परीक्षेत मेडल मिळवलेली मुलगी मी. आणि मी नुसती उभी राहिले. हात हलेनात, तोंड उघडेना. सिस्टरनी मला कोपराने बाजूला केलं आणि स्वतः छातीवर दाब द्यायला सुरुवात केली. आजोबा वाचले, त्यांच्या घरच्यांनी मला पेढा दिला, आणि तो पेढा मी सिस्टरना देऊन टाकला. रात्री घरी जाऊन राजीनामा लिहिला. दुसऱ्या दिवशी मॅडमकडे गेले तर त्यांनी तो वाचला, घडी घातली आणि माझ्याच एप्रनच्या खिशात परत ठेवला. म्हणाल्या, एक महिना खोट्या कॅज्युअल्टीत काढ, त्यानंतरही द्यावासा वाटला तर मी घेईन.

पहिल्या दिवशी काकांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. मग मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. जुनं, चावीचं, काळ्या पट्ट्याचं. एसटीतून निवृत्त होताना डेपोतल्या मंडळींनी दिलेलं.

"हे नीट सांभाळायचं. घड्याळ हातात नाही तोवर मी पेशंट. घड्याळ चढवलं की मी हरी. समजलं?"

हा नियम काकींचा होता, म्हणजे काकांच्या बायकोचा. त्यामागची हकिगत काका स्वतःच रंगवून सांगायचे. मॅडमनी त्यांना फिट आलेल्या माणसाचं काम दिलं होतं. काका तालमीशिवाय काही करत नसत, तेव्हा वाडीत, केळींच्या मधे, जमिनीवर पडून हातपाय झाडायची तालीम चालली होती. पलीकडच्या वाडीतल्या विमलताईंनी ते पाहिलं. बाईंनी आरडाओरडा करून अर्धी आळी गोळा केली. एकीने कांदा फोडून नाकाला लावला, दुसऱ्याने पायातली चप्पल काढून हुंगवली. काका म्हणायचे, कांद्याचं काही वाटलं नाही, पण ती चप्पल नुकतीच गोठ्यातून आलेली होती. ते खाडकन उठून बसले, तर लोकांना वाटलं चपलेचा गुण आला.

काकींनी कपाळाला हात लावला. त्या म्हणाल्या, "एक दिवस तुम्हाला खरंच काही होईल आणि कुत्रंसुद्धा विचारणार नाही." तेव्हापासून घड्याळाचा नियम निघाला. सोंग करायचं तर घड्याळ उतरवून, घरात असो की हॉस्पिटलात. काकांनी तो नियम देवाचा असल्यासारखा पाळला. आणि दुसऱ्या दिवशी ते विमलताईंनाच सोबत घेऊन आले, पेशंटची नातेवाईक म्हणून. पर्समध्ये कांदा आणि चप्पल. आमचा अजिंक्य, माझ्याच बरोबरीचा डॉक्टर, फिट थांबवायचं इंजेक्शन भरत होता आणि ह्या बाई त्याच्या हाताखालून चप्पल पुढे सरकवत होत्या. अजिंक्य चिडला आणि बाईंना खोलीबाहेर काढलं. सोंग संपल्यावर काकांनी घड्याळ चढवलं आणि त्याला शांतपणे विचारलं, की बाईला बाहेर काढलंस, आता फिट किती वाजता सुरू झाली आणि पेशंट कोणत्या गोळ्या घेतो ते कोण सांगणार, पाहुणा?

काकांच्या बोलण्यातही हा फरक असायचा. घड्याळ नसताना आम्हाला "डॉक्टरसाहेब, डॉक्टरीणबाई", हात जोडून, अजीजीने. घड्याळ चढलं की मला "बाय", अजिंक्यला "अरे गाढवा". आणि चुका सांगून झाल्या की पिशवीतून सुकेळी निघायची, त्यांच्या वाडीतल्या केळ्यांची, काकींनी उन्हात सुकवलेली, केळीच्याच सुक्या पानात बांधलेली. ज्याचं बरोबर आलं त्याला एक. चुकलेल्याला दोन. अजिंक्यने एकदा तक्रार केली की हा उलटा न्याय आहे. काका म्हणाले, बरोबर उत्तरवाल्याचं पोट आधीच भरलेलं असतं. त्या महिन्यात माझं वजन दोन किलोंनी वाढलं, यावरून काय ते समजा.

त्यांचं एक वाक्य होतं, दिवसातून चारदा तरी यायचं: "आधी माणूस बघावा, मग तिकीट फाडावं." आमचे डोळे सदानकदा मॉनिटरवर, रिपोर्टवर. ते त्यांना खपायचं नाही. मी तो धडा शिकले तो चांदीप गावच्या म्हाताऱ्याकडून. म्हणजे काकांकडूनच, पण त्या दिवशी ते चांदीपचे म्हातारे होते. गुडघ्यापर्यंत धोतर, डोक्याला टापशी, पायाला चिखलसुद्धा लावून आणलेला. पहाटेपासून पोटात दुखतंय म्हणाले. मी पोट तपासलं, मऊ. रक्त पाठवलं, सोनोग्राफी सांगितली. म्हातारा आपला कण्हतोय, "पानी पन गिळवत नाय, डॉक्टरीणबाई." मी म्हटलं, पाणी पिऊच नका, सोनोग्राफी करायचीय. डोळे अर्धे मिटलेले, मला वाटलं झोप आलीय. दहा मिनिटांत मॅडमनी जाहीर केलं की पेशंटचा श्वास थांबला. काका मेले. मेले तेही कंटाळल्यासारखे, एक सुस्कारा सोडून.

घड्याळ चढवून ते खाटेच्या कडेला बसले आणि मला म्हणाले, बाय, तू माझं पोट बघितलंस, रक्त बघितलंस, आतडं बघायला निघालीस, पण रात्री झोपलो कुठे ते विचारलं नाहीस. शेतावरच्या खोपीत, भुईवर झोपलो होतो. मण्यार चावली. तिच्या दाताची खूण दिसत नाही, चावल्या जागी दुखत नाही, नुसतं पोट दुखतं आणि पापण्या मिटायला लागतात. माझ्या पापण्या किती वेळ ओरडत होत्या. मी रडकुंडीला आले. त्यांनी पिशवीतून दोन सुकेळी काढून माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाले की इथे मेलेला माणूस दुपारच्या बसने घरी जातो, म्हणून इथेच मारून घे. तेव्हापासून कोणीही पोट धरून आलं की मी आधी विचारते, रात्री झोपलात कुठे.

महिना संपत आला. खोट्या कॅज्युअल्टीत माझे हात आता झरझर चालत होते. मॅडम खूश होत्या. पण मला आतून ठाऊक होतं की ते सगळं खोट्यातलं. इथे काका मेले तरी उठणार हे माहीत असतं, मग हात का नाही चालणार? खरी वेळ आली तर काय, हा प्रश्न तसाच होता, आणि राजीनामाही तसाच घडी करून खिशात होता. काकांना मी हे एकदाच सांगितलं, त्यांच्याबरोबर स्टॉपवर उभी असताना. त्यांनी धीर वगैरे दिला नाही. एवढंच म्हणाले, की पहिल्या दिवशी गाडीत तिकीट फाडताना माझेही हात कापत होते आणि चालत्या गाडीत मी ड्रायव्हरच्या अंगावर पडलो होतो.

मग तो बुधवार आला. त्या दिवशी परीक्षा अजिंक्यची, आणि काकांना काम मुतखड्याचं. मुतखडा म्हणजे काकांचं हातखंडा काम. लोळणं, शिव्या देणं, डॉक्टरचा एप्रन धरून ओढणं, सगळं त्यात आलं. मी कोपऱ्यात उभी होते, घड्याळ माझ्या खिशात. सुरू झालं आणि काका लोळेनात. नुसते निजून राहिले. अजिंक्यने कुठे दुखतंय विचारलं तर उत्तर नाही, डावा हात मात्र जबड्याखाली. कपाळावर घामाचे थेंब. अजिंक्य माझ्याकडे बघून डोळे मिचकावत होता, की आज म्हाताऱ्याने नवीनच काहीतरी बसवलंय. मलाही तसंच वाटलं. घाम आणायला काकांकडे फुलझाडांवर पाणी मारायची छोटी बाटली असायची, काम सुरू होण्याआधी ते दोन फवारे तोंडावर मारून घ्यायचे. माझी नजर सहज टेबलाकडे गेली. बाटली कोरडी होती. त्या दिवशी कोणी ती भरलीच नव्हती.

काकांनी मान वळवून मला शोधलं.

"बाय," ते म्हणाले, "माझं घड्याळ दे."

अजिंक्य हसला. म्हणाला, काका, अजून दहा मिनिटं आहेत, इतक्यात कुठे निघालात? काकांनी पुढे केलेला हात मागे घेतला नाही. मी खिशात हात घातला. घड्याळाबरोबर राजीनाम्याचा कागद बाहेर आला आणि खाली पडला. मी त्यांच्या मनगटावर पट्टा बांधला. कातडी ओली, थंडगार. त्या क्षणी पाय जमिनीला खिळले, अगदी बाजारातल्या आजोबांच्या वेळेसारखे. खोटं का सांगू? तसंच झालं. मग काकांचा चेहरा दिसला. मॉनिटर नाही, आकडे नाहीत, तो चेहरा. आणि मी ओरडले की हे खरं आहे, हा खरा हार्ट अटॅक आहे, सगळ्यांनी हला.

पुढे जे झालं त्यावर काका नंतर पोट धरून हसले, पण तेव्हा कोणी हसत नव्हतं. अजिंक्यने धावत जाऊन अ‍ॅस्पिरिनची डबी काढली, गोळी काकांच्या तोंडात घातली आणि चावा म्हणाला. काकांनी चावली आणि त्या अवस्थेत म्हणाले, "अरे गाढवा, ही पेपरमिंट आहे." त्या खोलीतलं सगळंच खोटं. डबीत पेपरमिंट, इंजेक्शनच्या कुप्यांत पाणी, ऑक्सिजनची नळी भिंतीत नुसती खोचलेली. त्या पेपरमिंटा डबीत भरल्या होत्या काकांनीच, आगाशीच्या बाजारातून आणून. मी अजिंक्यला म्हटलं, इथल्या कशालाही हात लावू नकोस, खाट उचल. खाटेची चाकं सोडली आणि आम्ही मधला दरवाजा ढकलून खऱ्या कॅज्युअल्टीत घुसलो. वीस पावलं असतील. तेवढ्यात मी सिस्टरना काय काय लागणार ते सांगून टाकलं होतं. आवाज माझाच होता, पण ओळखू येत नव्हता.

खरी अ‍ॅस्पिरिन दिली. कार्डिओग्राम निघतोय तोवर काकांचे डोळे फिरले आणि मॉनिटरवरची रेघ वेडीवाकडी नाचायला लागली. हृदय नुसतं थरथरत होतं. मी छातीवर हात ठेवले आणि दाबायला लागले. मोठ्याने मोजत होते. पाहुण्याची छाती रबरी, दाबली की टिकटिक वाजते. ही वाजत नव्हती, हिच्या आतून बरगड्या जाणवत होत्या. अजिंक्यने शॉकचं मशीन आणलं, मी सगळ्यांना बाजूला केलं आणि बटण दाबलं. काका खाटेवर उडाले. रेघ सपाट झाली, मग एक ठोका, मग दुसरा. मॅडम कधी येऊन मागे उभ्या राहिल्या होत्या मला माहीत नाही. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा कळलं की मी अजून मोजतेच आहे.

त्याच दुपारी त्यांची बंद झालेली रक्तवाहिनी उघडली. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघं आयसीयूत भेटायला गेलो. काकी बाजूला बसल्या होत्या, रडून रडून डोळे सुजलेले, आणि तोंडाने नवऱ्याला शिव्या चालू. काकांनी आम्हाला पाहिल्याबरोबर मनगट वर करून दाखवलं. घड्याळ होतं. मग आमच्या चुका सांगायला सुरुवात केली. अजिंक्यची पेपरमिंट. खाट वळवताना दाराच्या चौकटीला बसलेला धक्का. माझं, घड्याळ बांधल्यावर चार सेकंद नुसतं उभं राहणं. म्हटलं, काका, तुम्ही मरत होतात आणि सेकंद मोजत होतात? ते म्हणाले, घड्याळ मागवून घेतलं होतं ते काय शोभेला?

मग त्यांनी हळूच विचारलं की खिशातून पडलेल्या त्या कागदाचं काय झालं. मला खरंच माहीत नव्हतं. मावशींनी केर काढताना नेला असणार. काका म्हणाले, जाऊ दे, बाय, त्या तिकिटाची मुदत संपली. मला हसू आलं आणि हसता हसता रडू आलं. काकींनी मला जवळ ओढून घेतलं आणि त्यांच्या पदराने माझं नाक पुसलं, मी सत्तावीस वर्षांची डॉक्टर असूनसुद्धा.

त्यानंतर काकांना सोंगं करायला बंदी झाली. ते ऐकणारे थोडेच. महिन्याभरात खुर्चीवर बसून नातेवाइकाचं काम करायला लागले. नंतर दोन वर्षं त्यांनी नव्या नव्या पोरांना छळलं. अ‍ॅस्पिरिनच्या डबीवर त्यांनी स्वतःच्या हाताने चिठ्ठी चिकटवली: आत पेपरमिंट आहे, खऱ्या माणसाला देऊ नये. ती अजून आहे. मग नाशिकला राहणाऱ्या त्यांच्या मुलीने हट्ट धरला. वाडी पुतण्याच्या ताब्यात देऊन काका-काकी तिच्याकडे निघाले.

गेल्या वर्षी काका तिथेच गेले. सकाळी, चहा पिता पिता. त्यांच्या मुलीचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न काय निघाला असेल तर, हातात घड्याळ होतं का? विचारलं आणि जीभ चावली. तिला मात्र नियम माहीत होता. ती म्हणाली, "होतं, डॉक्टर. चहाच्या आधीच मागून घेतलं होतं."

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते आगाशीच्या स्टॉपवर, ते नाशिकला निघाले त्या दिवशी. ड्युटी बदलून निरोपाला गेले होते. काकी खिडकीशी बसायला बघत होत्या, पण काकांनी त्यांना आत सरकवलं. निघताना माझ्या हातात केळीच्या सुक्या पानात बांधलेली पुडी दिली आणि म्हणाले, गाडी गेल्यावर उघड. कंडक्टरने दोनदा घंटी दिली. गाडी हलली आणि काकांचा चेहरा एकदम वाकडा झाला, हात छातीवर गेला आणि ते खिडकीच्या गजांवर कोसळले. मी धावत सुटले. एक चप्पल मागे राहिली, पर्स खांद्यावरून घसरली, गाडी थांबवा म्हणून मी पत्र्यावर थापा मारत होते आणि आख्खा बाजार बघत होता. तेव्हा खिडकीतून एक हात बाहेर आला. उघडा, घड्याळ नसलेला. मागून काकींनी पाठीत घातलेला धपाटासुद्धा मला ऐकू आला.

गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत ते रिकामं मनगट खिडकीबाहेर हलत होतं. आधी मनगट बघायचं, एवढी साधी गोष्ट, आणि मी विसरले होते. मी चप्पल शोधून आणली, फळवाल्या बाईच्या टोपलीशेजारी बसले आणि पुडी सोडली. आत दोन सुकेळी होती.